सत्तापद आणि परमुलखातील धंदा : प्रस्तावना

सार्वजनिक पदावरील व्यक्तीने घ्यावयाचा निर्णय आणि त्याच व्यक्तीचा खाजगी आर्थिक लाभ हे दोन्ही जेव्हा एकाच प्रश्नात गुंतलेले असतात, तेव्हा उद्भवणाऱ्या अवस्थेला राज्यशास्त्रात हितसंबंधांचा संघर्ष, किंवा थोडक्यात हितसंघर्ष, असे म्हटले जाते. लाचखोरी आणि हितसंघर्ष यांची गल्लत वृत्तपत्रांतून आणि पुष्कळदा विधिमंडळांतूनही होत असल्यामुळे त्यांतील फरक आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. लाच हा व्यवहार आहे. त्यात देणारा असतो, घेणारा असतो, मोबदल्यात केलेले काम असते आणि या तिन्ही गोष्टी न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध कराव्या लागतात. हितसंघर्ष ही मात्र अवस्था आहे, आणि कोणी काही दिले नाही, कोणी काही मागितले नाही, पदावरील व्यक्ती मनाने पूर्ण स्वच्छ असली, तरीही ती अवस्था जशीच्या तशी उभी राहते. सख्ख्या भावाचा खटला न्यायाधीश स्वतःपुढे चालवत नाही, तो त्याच्या सचोटीबद्दल कोणाला शंका असते म्हणून नव्हे. त्याने दिलेला निकाल न्याय्य असला तरी तो न्याय्य आहे याची खात्री करून घेण्याचे कोणतेही साधन इतरांच्या हाती उरत नाही, म्हणून तो बाजूला होतो.

राजकीय नेत्याची मिळकत, कंपनी, भागभांडवल किंवा कर्ज त्याच्या स्वतःच्या देशाबाहेर असते, तेव्हा या अवस्थेला आणखी एक पदर सुटतो आणि त्याकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष आजवर दिलेले नाही. परदेशी हितसंबंधांविषयीचे बहुतेक लेखन एकच प्रश्न विचारते : परकी सत्ता या नेत्याच्या धंद्याला हात देऊन त्याच्या देशाचे धोरण वळवील काय? हा प्रश्न योग्यच आहे. परंतु दोरीचे दुसरे टोक त्या परमुलखात असते, जिथे हा धंदा चालतो, जिथल्या जमिनीवर, पिकावर, खाणीवर किंवा परवान्यावर त्याचा नफा अवलंबून असतो आणि जिथल्या अधिकाऱ्यापुढे एका बलाढ्य राज्याच्या प्रमुखाची फाईल येऊन पडते. त्या टोकाला असलेल्या माणसांना त्या नेत्याला मत देता येत नाही, त्याला जाब विचारता येत नाही आणि त्याच्या देशाचा कोणताही कायदा त्यांना आपल्या संरक्षणाच्या कक्षेत घेत नाही. भारतीय, आणि त्यातही मराठी, वाचकाला या विषयाकडे पाहण्याची वेगळी जागा इतिहासानेच दिलेली आहे, कारण आपण या दोरीच्या दुसऱ्या टोकाला दीर्घकाळ उभे होतो.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण तंजावरच्या भोसले राज्याचे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटचा नवाब मुहम्मद अली वालाजाह हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास येथील नोकरांचा मोठा ऋणको झाला होता. कंपनीचे नोकर पगाराने बेताचे होते, परंतु नवाबाला जबर व्याजाने खाजगी कर्ज द्यावे आणि व्याजापोटी त्याच्याकडून महसुलाची गहाणपत्रे लिहून घ्यावीत, हा त्यांचा खरा धंदा होता; कंपनीच्या वतीने नवाबाशी राजकीय बोलणी करणारे आणि त्याच नवाबाचे सावकार असलेले लोक पुष्कळदा एकच होते. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या मदतीने नवाबाने तंजावर जिंकले आणि तुळजाजी राजांना कैदेत टाकले. या स्वारीला अनेक राजकीय कारणे सांगितली गेली, परंतु तंजावरचा सुपीक कावेरीकाठ नवाबाच्या हाती आला म्हणजे त्याच्या सावकारांचे येणे वसूल होण्याचा मार्ग मोकळा होणार होता, ही गोष्ट मद्रासमध्ये कोणापासूनही लपलेली नव्हती.

लंडनमधील संचालक मंडळाने ही स्वारी अमान्य करून राजाला गादी परत देण्याचा हुकूम दिला आणि त्याची अंमलबजावणी करण्यासाठी लॉर्ड पिगट यांना गव्हर्नर म्हणून पाठवले. पिगट यांनी १७७६ च्या एप्रिलमध्ये तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवले, तोच पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा नोकर पुढे आला आणि तंजावरच्या महसुलावर नवाबाने आपल्याला १ लाख ६२ हजार पौंडांचे गहाण करून दिले आहे व तंजावरमधील व्यक्तींकडून आणखी ७२ हजार पौंड येणे आहे, असा दावा त्याने मांडला. बेनफिल्डसारख्या साध्या नोकराजवळ एवढी रक्कम कोठून आली, हा प्रश्न विचारणे गव्हर्नरचे कर्तव्यच होते. आणि तंजावर पुन्हा राजाकडे गेल्यावर पदच्युत झालेल्या विजेत्याने लिहून दिलेले गहाण राजाच्या रयतेने का फेडावे, हा त्याहून मूलभूत प्रश्न होता. मद्रास कौन्सिलने प्रथम हा दावा फेटाळला, मग बहुमताने तो उचलून धरला, आणि गव्हर्नर आपल्या भूमिकेवर ठाम राहिले तेव्हा त्याच बहुमताच्या गटाने २४ ऑगस्ट १७७६ रोजी त्यांना अटक करवली. पिगट यांचा पुढील वर्षी मे महिन्यात नजरकैदेतच मृत्यू झाला. अटक करवणाऱ्या कौन्सिलच्या चार सदस्यांवर लंडनमध्ये खटला चालला आणि १७८० मध्ये त्यांना प्रत्येकी एक हजार पौंड दंड झाला. ज्या येण्यासाठी हे सारे घडले त्याच्या तुलनेत ही शिक्षा किती क्षुल्लक होती, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रकरण येथे संपले असते तर ते दूरच्या वसाहतीतील नोकरशाहीचे दुर्वर्तन म्हणून इतिहासाच्या तळटीपेत गेले असते. परंतु बेनफिल्ड १७८० मध्ये ब्रिटिश संसदेचा सदस्य झाला. मतदारसंघ पैशाने मिळत असलेल्या त्या काळात अर्काटच्या कर्जातून आलेली संपत्ती हाउस ऑफ कॉमन्समधील जागांत रूपांतरित होऊ लागली आणि ‘अर्काट गट’ म्हणून ओळखला जाणारा सदस्यांचा एक जथा तेथे तयार झाला. १७८४ मध्ये पंतप्रधान पिट यांच्या सरकारने कंपनीच्या कारभारावर देखरेखीसाठी स्थापन केलेल्या बोर्ड ऑफ कंट्रोलने नवाबाच्या खाजगी कर्जांची सखोल चौकशी न करता ती कर्नाटकाच्या, म्हणजे नवाबाच्या तमिळ मुलखाच्या, महसुलातून दरवर्षी सुमारे ४ लाख ८० हजार पौंड बाजूला काढून फेडावीत असे ठरवले, तेव्हा संसद सदस्य एडमंड बर्क यांनी २८ फेब्रुवारी १७८५ रोजीच्या प्रदीर्घ भाषणात हा निर्णय म्हणजे संसदेतील पाठिंब्याची परतफेड असल्याचा उघड आरोप केला. ज्या ठरावावर ते बोलत होते तो मोठ्या मताधिक्याने पडला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्नाटकाच्या उर्वरित कर्जांची तपासणी करण्यासाठी आयोग नेमला गेला तेव्हा त्याच्यापुढे आलेल्या तीन कोटी पौंडांहून अधिक रकमेच्या दाव्यांपैकी एक दशांश रकमेचे दावेही खरे ठरले नाहीत, यावरून चौकशीविना फेडल्या गेलेल्या कर्जांविषयी काय समजावे ते वाचकाने ठरवावे. बर्क यांचे भाषण आजही वक्तृत्वाचा नमुना म्हणून वाचले जाते. त्यांच्या श्रोत्यांपैकी कोणाचे किती येणे कावेरीकाठच्या भातावर होते याची नोंद ठेवणारी वही मात्र त्या सभागृहात नव्हती.

या भाषणानंतर दोनच वर्षांनी, १७८७ मध्ये, फिलाडेल्फिया येथे तयार झालेल्या अमेरिकेच्या संविधानात परकीय लाभांविषयीचे एक कलम समाविष्ट झाले. सरकारी पद धारण करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने काँग्रेसच्या संमतीखेरीज परकीय राजा, राजपुत्र किंवा राज्य यांच्याकडून भेट, लाभ, पद अथवा किताब स्वीकारू नये, असा त्याचा आशय आहे. फ्रान्समधील राजदूतपद सोडताना बेंजामिन फ्रँकलिन यांना सोळाव्या लुईने आपली हिरेजडित तसबीर भेट दिली होती आणि ती काँग्रेसच्या परवानगीने त्यांच्याकडे राहिली. घटनाकारांच्या डोळ्यांसमोर असे प्रसंग होते. या कलमाची रचना शहाणपणाची आहे, कारण ते घेणाऱ्याचा हेतू तपासत बसत नाही, तर व्यवहार लोकप्रतिनिधींसमोर उघडा करावयास लावते. परंतु अठराव्या शतकातील भेट ही वस्तू होती, ती पेटीत मावत असे. एकविसाव्या शतकात जगभर पसरलेल्या कंपन्यांचा मालकच राष्ट्राध्यक्ष होईल आणि परकीय राज्याने त्याच्या हॉटेलात बाजारभावाने खोल्या घेतल्या तर त्या रकमेला काय म्हणावे असा प्रश्न पडेल, याची कल्पना ते कलम लिहिणाऱ्यांना असणे शक्य नव्हते.

डोनाल्ड ट्रम्प २०१७ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. अशा प्रसंगी सुचवला जाणारा रूढ उपाय म्हणजे ‘ब्लाइंड ट्रस्ट’, अर्थात पदाधिकाऱ्याची सर्व मालमत्ता त्रयस्थ विश्वस्ताच्या हाती सोपवून तिचे पुढे काय झाले, काय विकले आणि काय घेतले, हे पदाधिकाऱ्याला कळू न देण्याची व्यवस्था. ट्रम्प यांनी कारभार मुलांकडे दिला, नवे परदेशी करार न करण्याचे आणि हॉटेलांना परकीय सरकारांकडून मिळालेला नफा सरकारी तिजोरीत भरण्याचे आश्वासन दिले, पण मालकी स्वतःकडेच ठेवली. अमेरिकेच्या हितसंघर्षविषयक फौजदारी कायद्यातून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष वगळलेले असल्यामुळे याला त्या कायद्याची आडकाठी नव्हती. परकीय लाभांच्या कलमाखाली दाखल झालेले दावे वर्षानुवर्षे रेंगाळले आणि ट्रम्प यांचा कार्यकाळ संपल्यावर, २५ जानेवारी २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रलंबित उरलेले दावे आता निरर्थक झाल्याचे ठरवून निकाली काढले. त्यामुळे हॉटेलातील खोलीचे भाडे हे त्या कलमातील लाभात मोडते की नाही, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर अमेरिकेला आजही मिळालेले नाही.

या प्रकरणाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. पुण्यातील कल्याणीनगर येथील जुळे मनोरे आणि मुंबईतील वरळी येथील मनोरा यांवर ट्रम्प हे नाव आहे, परंतु त्या इमारती त्यांच्या कंपनीने बांधलेल्या नाहीत. स्थानिक बांधकाम व्यावसायिक जमीन, भांडवल आणि परवानग्या यांची जबाबदारी घेतो आणि नाव वापरण्याच्या परवान्यापोटी अमेरिकेतील कंपनीला शुल्क देतो, अशा स्वरूपाचा हा करार असतो. ब्लाइंड ट्रस्टची कल्पना येथे मुळातच निकामी होते, कारण रोखे आपल्या नकळत विकले जाऊ शकतात, पण दर्शनी भागावर झळकणारे स्वतःचे आडनाव मालकाला दिसत नाही असे मानता येत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये, निवडणूक जिंकल्यानंतर काही दिवसांतच, पुण्यातील प्रकल्पाशी संबंधित व्यावसायिक न्यूयॉर्कमध्ये नियोजित राष्ट्राध्यक्षांना भेटले आणि ती भेट अभिनंदनापुरती होती असे सांगण्यात आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे थोरले चिरंजीव भारतात आले तेव्हा गुरुग्राममधील सदनिकेसाठी बुकिंगची रक्कम भरणाऱ्यांना त्यांच्यासोबत भोजनाची संधी मिळेल, अशा पानभर जाहिराती वृत्तपत्रांत झळकल्या. दुसऱ्या कार्यकाळात, २०२५ मध्ये, परदेशी खाजगी कंपन्यांशी नवे करार न करण्याचे बंधनही उरले नाही आणि पुण्यातच त्याच नावाच्या व्यापारी संकुलाची घोषणा झाली.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच राष्ट्राध्यक्षांनी भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. मग भारतातील धंद्याने त्यांचे धोरण वाकवले असे कसे म्हणता येईल? प्रस्तुत विवेचन तसे म्हणतच नाही. निर्णय हितसंबंधाच्या दिशेने गेला की विरुद्ध दिशेने, यावरून हितसंघर्ष होता की नव्हता हे ठरत नाही, कारण कठोर निर्णयाची धमकीही एखाद्या परवान्याची किंमत वाढवू शकते आणि सौम्य निर्णय निव्वळ राष्ट्रहिताचाही असू शकतो. बाहेरच्या माणसाला यांतले काय खरे आहे ते ओळखता येत नाही, एवढेच ठामपणे म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे आहे. त्याहून महत्त्वाची बाब दुसऱ्या टोकाची आहे. महापालिकेच्या बांधकाम विभागात वाढीव चटईक्षेत्राचा किंवा भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज येतो, आणि त्या इमारतीवर ज्याचे नाव लागणार आहे त्याच्याशी दिल्लीचे सरकार व्यापारकराराची बोलणी करत आहे, हे अर्ज हाताळणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला ठाऊक असते. त्याच्यावर कोणी दबाव आणला असे सुचवण्याचा येथे हेतू नाही आणि तसा पुरावाही नाही. नियमाप्रमाणे नकार द्यावयाचा झाला तर तो देताना त्याच्या पाठीशी कोणती व्यवस्था उभी आहे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे कोणी विचारलेला नाही, आणि वॉशिंग्टनमधील एकाही नियमाचा त्या अभियंत्याशी संबंध येत नाही.

थायलंडचे प्रकरण याच्या पुढची पायरी दाखवते. दूरसंचार उद्योगातून अब्जाधीश झालेले थाकसिन शिनावात्रा २००१ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांनी आपले समभाग मोलकरीण, वाहनचालक आणि पहारेकरी यांच्या नावावर ठेवल्याचे उघड झालेले होते. ज्याला आपल्याकडे बेनामी व्यवहार म्हणतात तोच हा प्रकार. घटना न्यायालयाने त्यांना आठ विरुद्ध सात अशा निसटत्या मतांनी दोषमुक्त केले. २००४ मध्ये थायलंडच्या सरकारी निर्यात-आयात बँकेने म्यानमारच्या लष्करी सरकारला ४ अब्ज बाटचे सवलतीचे कर्ज मंजूर केले आणि त्यातील रकमेतून म्यानमारने ज्या कंपन्यांकडून दळणवळण सामग्री व सेवा घेतली त्यांत शिनावात्रा घराण्याची उपग्रह कंपनी होती. म्हणजे थाई करदात्याच्या पैशाने शेजारच्या देशाला ऋणको करून तो पैसा पंतप्रधानांच्या घरी परत आणणारे हे वर्तुळ होते, आणि त्या कर्जाचा बोजा ज्यांच्यावर पडणार होता त्या म्यानमारच्या नागरिकांना आपल्या सरकारलाही प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. जानेवारी २००६ मध्ये दूरसंचार कंपन्यांतील परकीय मालकीची मर्यादा २५ वरून ४९ टक्क्यांवर नेणारा कायदा अमलात येताच घराण्याने आपल्या मुख्य कंपनीतील सुमारे ४९.६ टक्के भाग सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला सुमारे ७३ अब्ज बाटना विकला आणि त्या नफ्यावर कर भरला नाही. बँकॉकचे रस्ते निदर्शकांनी भरले, आणि सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थाकसिन यांची ४६ अब्ज बाटहून अधिक मालमत्ता जप्त केली, पण या खटल्याचा तपास बंडखोर सेनाधिकाऱ्यांनी नेमलेल्या समितीने केलेला असल्यामुळे निम्म्या देशाने तो न्याय मानला नाही. हितसंघर्षाला वेळीच आवरणारी नागरी व्यवस्था नसली की ते काम कोणाच्या हाती जाते, हे या प्रकरणाचे सर्वांत क्लेशकारक अंग आहे.

माहिती उघड करण्याचे बंधन हा एकमेव उपाय समजणाऱ्यांसाठी आइसलँडचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे पुढे पंतप्रधान झालेले सिग्मुंदुर गुन्लाउग्सन यांनी ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या एका कागदी कंपनीतील, म्हणजे प्रत्यक्ष उद्योग नसलेल्या आणि केवळ मालमत्ता धारण करणाऱ्या कंपनीतील, आपला निम्मा हिस्सा २००९ च्या अखेरच्या दिवशी पत्नीला एका डॉलरला विकला. खासदारांना असे हितसंबंध जाहीर करावयास लावणारे नियम दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होते. त्या कंपनीकडे देशातील बुडालेल्या बँकांचे रोखे होते आणि पुढे त्याच बँकांच्या धनकोंशी तडजोड करण्याचे काम त्यांच्या सरकारकडे आले. अशा कागदी कंपन्यांचे मालक उघड करणारी पनामा कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर, एप्रिल २०१६ मध्ये, त्यांना दोनच दिवसांत पद सोडावे लागले. पाकिस्तानात त्याच कागदपत्रांतून सुरू झालेल्या चौकशीचा शेवट वेगळाच झाला : लंडनमधील सदनिकांच्या मालकीवरून वादळ उठले, परंतु जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान नवाझ शरीफ यांना अपात्र ठरवले ते दुबईतील मुलाच्या कंपनीकडून येणे असलेले, पण त्यांनी न उचललेले वेतन उमेदवारी अर्जात दाखवले नाही या कारणावरून. मूळ संशय एक आणि शिक्षेचे कारण दुसरेच, असे झाले की कायद्याचा धाक वाढत नाही, त्याच्या हेतूविषयी शंका तेवढी वाढते.

भारतातील व्यवस्था अर्धवट आहे, आणि ती अर्धवट ठेवण्यात कोणताही पक्ष मागे राहिलेला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना बदलून त्यात परदेशातील मालमत्ता, तेथील बँकांतील ठेवी आणि तेथील कंपन्या व न्यास यांतील लाभार्थी हिस्सा नोंदवण्याचे बंधन आले, ही मोठी सुधारणा होय; परंतु प्रतिज्ञापत्र निवडणुकीच्या दिवसापुरते असते आणि पुढील पाच वर्षांत काय घडले ते सांगत नाही. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही आहे, लोकसभेत तशी नाही. केंद्रीय मंत्र्यांसाठी १९६४ पासून आचारसंहिता आहे, मंत्र्याने धंद्याशी असलेला संबंध तोडावा असे ती सांगते, परंतु ती कायदा नव्हे आणि तिचा भंग झाला की नाही हे ठरवणारी स्वतंत्र यंत्रणाही नाही.

परकीय पैशाच्या बाबतीत तर प्रश्न व्यक्तीपुरता न राहता पक्षांपर्यंत पोहोचला, आणि त्याचे एक टोक गोव्यात होते. लंडनमध्ये नोंदलेल्या वेदांता समूहाच्या नियंत्रणाखालील कंपन्यांनी, ज्यांत लोहखनिजाच्या खाणी चालवणारी सेसा गोवा होती, काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोहोंना दिलेल्या देणग्या परकीय योगदानविषयक कायद्याचा भंग करणाऱ्या आहेत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०१४ रोजी दिला. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि अपील प्रलंबित असतानाच २०१६ च्या वित्त कायद्याने परकीय स्रोताची व्याख्या २०१० पासून पूर्वलक्षी प्रभावाने बदलून अशा देणग्यांना सवलत दिली गेली. त्यापूर्वीच्या वर्षांतील देणग्या १९७६ च्या जुन्या कायद्याखाली येत असल्याने त्या सवलतीबाहेर उरल्या आहेत असे लक्षात आल्यावर २०१८ च्या वित्त विधेयकाने, जे लोकसभेत चर्चेविना संमत झाले, ती सवलत १९७६ पर्यंत मागे नेली. याच काळात गोव्यातील खाणींचा प्रश्न पेटलेला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन थांबवले, २०१४ मध्ये जुने पट्टे २००७ सालीच संपल्याचे ठरवले, तरी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केले. देणगी आणि नूतनीकरण यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही आणि येथे तसा दावाही नाही. डिचोली आणि सांगे तालुक्यांतील ज्या गावांच्या शेतांत खाणींचा लाल गाळ वाहून आला, त्यांना आपल्या भवितव्याविषयी निर्णय घेणाऱ्या पक्षांचे त्या कंपनीशी असलेले आर्थिक नाते कळण्यासाठी उच्च न्यायालयातील एका याचिकेची वाट पाहावी लागली, आणि ते कळल्यानंतर चार वर्षांच्या आत त्या नात्याला बेकायदेशीर म्हणण्याचा आधारच संसदेने काढून घेतला.